मुके झालेले इंजिन

एखादी वस्तू मुकी झाली, की तिचा गळाच बिघडला असे आपण धरून चालतो. खेळण्यातल्या आगगाडीची जुनी इंजिने दुरुस्त करणारा जाणता कारागीर मात्र तसे धरून चालत नाही. त्याच्या कामाची रीत पाहिली, की यंत्रविद्येबरोबर तीत थोडी नीतीही सापडते.

आमच्या खंडाळा तालुक्यातल्या लोणंदवरून पुणे-मिरज रेल्वेमार्ग जातो. वाफेच्या काळी तिथे इंजिनाची जी भकभक ऐकू येई, ती कोणी मुद्दाम काढीत नसे. सिलिंडरात राबलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडे, तिचा तो हुंकार. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार हुंकार. आवाज हा श्रमाचा सोबती होता. खेळण्यातल्या इंजिनाला विजेची मोटार ओढते. त्याला ना वाफ, ना धाप. म्हणून त्याच्यात आवाज वेगळा घालावा लागतो. आणि तो हवा असतोच! पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तिथल्यासारखी चिमुकली गाडी धावताना पाहिली, की मुलाच्या तोंडून आपोआप ‘कूऽऽ’ निघते. नुसते धावणे त्याला पुरत नाही.

हा आवाज घालण्याच्या तऱ्हाही अनेक झाल्या. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९३५ साली इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात एक लहानशी मोटार आणि पंखा बसवला. पंखा हवा फुंकी आणि शिट्टी खरोखरच वाजे. महायुद्धानंतरच्या डिझेलच्या प्रतिकृतींत सेलवर वाजणारा भोंगा आला. पुढे चिमुकल्या चिप आल्या आणि त्यांच्यात खऱ्या इंजिनांचे मुद्रित आवाज साठवले जाऊ लागले.

असे जुने इंजिन गप्प झाले, तर उतावळा माणूस आधी सर्किटच्या पाटीवर संशय घेतो. जाणता आधी रूळ पुसतो. मग स्पिरिटच्या बोळ्याने चाके पुसतो; कारण वीज रुळांतून चाकांत येते आणि तिथला काळा थर तिची वाट अडवतो. नंतर मीटर लावून वीज कुठवर पोचते ते पाहतो. शिट्टी चालू करणाऱ्या रिलेची टोके काजळली आहेत का, मोटारीचे कार्बनचे ब्रश झिजले आहेत का, एखाद्या तारेचा डाख सुटला आहे का? सेल वर्षानुवर्षे आत विसरला असेल, तर त्यातून पाझरलेल्या द्रवाने पितळी पट्ट्या खाल्लेल्या आढळतात. मग स्पीकरची पाळी. त्याचा कागद विरला असेल तर आवाज फाटतो. पाटीवर आरोप ठेवायचा तो सगळ्यांत शेवटी. आणि नवा स्पीकर जोडतानाही जपावे लागते. लोकसाउंडच्या काही जुन्या पाट्यांना १०० ओहमचा स्पीकर लागे. तिथे हाताशी आहे म्हणून ८ ओहमचा जोडला, तर धडधाकट पाटीच जळायची! मदत करणाऱ्यानेच मुके केले, असे व्हायचे.

आता खरा प्रश्न. ही खटपट हवीच कशाला? जुने सारे काढून नवी चिप बसवली, तर खऱ्या इंजिनाचा हुबेहूब आवाज मिळतो. जुनी शिट्टी त्यापुढे अगदीच बोबडी. पण मला वाटते, ती बोबडी शिट्टी त्या इंजिनाची स्वतःची आहे. आत्ता, इथे, स्वतःच्या हवेने वाजलेली. चिपमधला आवाज अस्सल खरा, पण तो दुसऱ्या इंजिनाचा. उसन्या अस्सल आवाजापेक्षा स्वतःचा बोबडा आवाज अधिक खरा नव्हे काय? कधी इलाज नसतो, नवा भाग घालावाच लागतो. तेव्हाही जुना भाग डबीत घालून इंजिनासोबत ठेवावा आणि घेणाऱ्याला तसे सांगावे. एवढा प्रामाणिकपणा त्या वस्तूला देणे लागतो.

हे सारे खेळण्यापुरते असते, तर दिवाळीत त्याचा एवढा ऊहापोह केला नसता. पण फराळाला घर जमते, तेव्हा कोपऱ्यात कोणी आजोबा गप्प बसलेले असतात. “त्यांना आता काही कळत नाही,” असे म्हणून सून त्यांच्या वतीने उत्तर देते, नातू त्यांच्या आवडीनिवडी सांगतो. सगळे प्रेमानेच! परंतु प्रश्न त्यांच्या कानापर्यंत पोचला का? हळू विचारला का? उत्तरासाठी कोणी घटकाभर थांबले का? गळ्यावर शंका घेण्याआधी वाट पुसून पाहिली का?

आपण त्यांच्याऐवजी बोललो, तर बोलणे सुबक होते आणि वेळही वाचतो. पण त्या घरात एक आवाज कमी होतो, आणि तो कमी झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.