विनिमय आणि विवेक

माझा एक जुना विद्यार्थी गेलीं वीस वर्षें अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत राहतो आणि आतां तेथील नागरिकहि झाला आहे. गेल्या हिवाळ्यांत त्याचें मला एक लांबलचक पत्र आलें. त्यांतील निम्मा मजकूर एका जुन्या रायफलीविषयीं होता. शिकारीचा नाद सुटल्यामुळें ती विकून टाकावी असें त्याच्या मनांत आलें. पण जाहिरात दिल्यावर पैसे देणारे थोडे आणि वस्तु देऊं करणारेच पुष्कळ निघाले. कोणी घोड्याचें खोगीर देऊं म्हणाला, कोणी होडीचें इंजिन, कोणी आपलें रिव्हॉल्व्हर आणि वर कांहीं रोकड. शेवटीं एका गृहस्थानें गिटार देऊं केली व सौदा पटला. "सर," तो लिहितो, "त्या गिटारीची मान वांकली आहे कीं काय हें मीं अर्धा तास निरखून पाहिलें, खुंट्या पिळून पाहिल्या. त्या माणसाचा मात्र मोटार हांकण्याचा परवाना तेवढा पाहिला, तोहि ओझरता. वाईट असें कांहीं घडल्याचें ऐकिवांत नाहीं. तरी मनाला चैन पडत नाहीं. माझें कांहीं चुकलें काय?"

तेथील कायदा त्याच्या बाजूचा आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९९३ च्या ब्रेडी कायद्यान्वयें परवानाधारक व्यापाऱ्यास गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका सरकारी दप्तरांतून तपासून घ्यावी लागते. परंतु जो धंदा म्हणून नव्हे, तर स्वतःजवळची एखादी बंदूक क्वचित् विकतो, त्याजवर मध्यवर्ती कायदा तसें बंधन घालीत नाहीं. कॅलिफोर्नियासारख्या कांहीं संस्थानांनीं तें घातलें आहे, टेक्ससनें घातलेलें नाहीं. परसंस्थानांतील माणसास परस्पर विकूं नये, आणि ज्याला शस्त्र बाळगण्याची मनाई आहे हें आपणांस ठाऊक आहे, किंवा तसें मानण्यास सबळ कारण आहे, त्यास तें देऊं नये, एवढीच खाजगी विक्रेत्याची मुख्य जबाबदारी. म्हणजे जो कांहीं विचारीतच नाहीं त्याला ठाऊक होण्याचा प्रसंगहि सहसा येत नाहीं! न विचारणाऱ्यास असें बक्षीस देणारा कायदा मला तरी विचित्र वाटतो.

आतां पैशांऐवजीं गिटार घेतली यानें कांहीं फरक पडतो काय? ॲरिस्टॉटलनें 'पॉलिटिक्स' या ग्रंथांत जोड्याचें उदाहरण घेतलें आहे. जोडा पायांत घालणें हा त्याचा खरा उपयोग; तो देऊन दुसरी वस्तु घेणें हाहि उपयोगच, पण जोडा त्यासाठीं केलेला नसतो. तेवीस शतकांनंतर जवळजवळ याच प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत खल झाला, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या वर्गांत पेंगणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९९३ सालच्या स्मिथ खटल्यांतील आरोपीनें बंदूक देऊन कोकेन घेण्याचा घाट घातला होता. त्यानें त्या गुन्ह्यांत बंदुकीचा 'उपयोग' केला काय, हा वाद. सहा न्यायाधीशांनीं 'होय' म्हटलें, तिघांनीं 'नाहीं'. न्यायमूर्ति स्कालिया यांनीं भिन्नमतपत्रिकेंत काठीचा दृष्टान्त दिला: तुम्ही काठी वापरतां काय असें कोणी पुसलें, तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी तुम्ही घरांत शोभेला मांडून ठेवली आहे काय, असा त्याचा अर्थ कोणी करीत नाहीं. पुढें २००७ सालीं वॉटसन खटल्यांत त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, अमली पदार्थ देऊन जो बंदूक घेतो त्यानें मात्र तिचा 'उपयोग' केला असें होत नाहीं. म्हणजे देणारा वापरतो, घेणारा वापरीत नाहीं! वैयाकरणांस याचें हसूं येईल. मला त्यांत नीतीचें एक सत्य दिसतें. बंदूक हातची सोडणें हीहि मालकाची एक कृति आहे, आणि ती लहान नव्हे. गोळी झाडतांना ती कोठें जाणार हें तो डोळ्यांनीं पाहतो. बंदूक देतांना पाहत नाहीं.

तरीहि अदलाबदलीनें मन हलकें होतें हें खरें. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्काळीं व्यापारावर निर्वाह करणाऱ्या ब्राह्मणानें काय विकूं नये याची मोठी यादी आहे. तींत विषाच्या आणि मांसाच्या पंक्तीला शस्त्रहि बसविलें आहे. पण थोडें पुढें गेलें कीं रसाचा रसाशीं आणि तिळांचा धान्याशीं बदला करण्यास मुभा आहे. पैसा हाताला लागला नाहीं म्हणजे विक्री झालीच नाहीं, ही समजूत इतकी जुनी आहे. (त्या सवलतींत शस्त्राचें नांव नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.) शिवाय अदलाबदलींत आणखी एक मोह असतो. नोट देणारा माणूस नुसता गिऱ्हाईक असतो. गिटार घेऊन येणारा तिच्याबद्दल चार गोष्टी सांगतो, एखादी सुरावट छेडून दाखवितो, आणि घटकाभरांत तो आपला स्नेही वाटूं लागतो. ती वस्तुच त्याला जामीन राहते. माझ्या विद्यार्थ्यानें गिटार इतकी तपासली, ती माणूस तपासल्याचें समाधान मिळावें म्हणून तर नव्हे ना, अशी मला शंका आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो मी क्षुल्लक मानीत नाहीं. खाजगी माणूस म्हणजे पोलीस नव्हे. दारीं आलेल्या प्रत्येकाची उलटतपासणी करणें हा असभ्यपणा आहे. शेजाऱ्यानें शेजाऱ्याकडे संशयानें पाहावें असा समाज मलाहि नको. पण प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आरंभींच सॉक्रेटिस विचारतो कीं, मित्रानें शहाणा असतांना आपल्यापाशीं ठेवलेलीं शस्त्रें तो वेडाच्या भरांत परत मागूं लागला, तर तीं द्यावीं काय? देऊं नयेत, यावर सर्वांचें एकमत होतें. जेथें खुद्द मालकास नाहीं म्हणतां येतें, तेथें परक्याला 'थांबा' म्हणण्यांत कसला अपमान? आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र कायद्यानें हें थांबणें नियमच करून ठेवलें आहे. परवान्याची बंदूक दुसऱ्या अधिकारी माणसास खाजगी रीतीनें द्यावयाची झाल्यास घेणाऱ्याच्या नांवपत्त्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवावें लागतें, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस जावे लागतात. तें विकत द्या कीं बदल्यांत द्या, कायद्याला दोन्ही सारखींच. आमच्या कचेऱ्यांतील शिक्क्यांवर माझी अंधश्रद्धा नाहीं. पण दीड महिन्यांत पुष्कळांचा राग निवतो.

तुझें चुकलें, असें मीं त्याला लिहिलें. पाप घडलें असें नव्हे, पण जी एक गोष्ट पाहावयाची ती सोडून तूं दुसरीच पाहिलीस. तें उत्तर वाचून तो रागावेल असें वाटलें होतें. परवां त्याचें पत्र आलें. त्याच्यापाशीं एक दुनळी उरली आहे, आणि पूर्वीच्याच खोगीरवाल्यानें तिच्या बदल्यांतहि खोगीर देऊं केलें होतें. सौदा परवानाधारक व्यापाऱ्याच्या दुकानांत, त्याची फी भरून आणि तपासणी करवून करूं, असें यानें म्हणतांच तो गृहस्थ निघून गेला. त्याला फी जड वाटली, कीं आणखी कांहीं होतें, हें यानें विचारलें नाहीं. दुनळी अजून कपाटांतच आहे.