वण आणि डाग

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरली की तळाशी एखादे तरी जुने छायाचित्र सापडतेच. कडा कसरीने खाल्लेल्या, मधोमध घडी पडून चीर गेलेली, पावसाळी ओलीने डाग धरलेले! पूर्वी माणसे हळहळत आणि ते पुन्हा जागच्या जागी ठेवून देत. आता त्याची प्रत संगणकात उतरवितात आणि घटकाभरात पणजोबा टवटवीत होऊन समोर उभे राहतात. घराला आनंद होतो. तो खोटा आहे, असे मी कसे म्हणू? पण एक प्रश्न मनात घर करून राहतो. आपण दुरुस्त करतो ते काय, कागद की माणूस?

माझ्या एका वयस्कर स्नेह्यांनी आपल्या आईचे छायाचित्र असेच दुरुस्त करून घेतले आणि ऐंशी उलटलेल्या थोरल्या बहिणीला मोठ्या हौसेने दाखविले. तिने चष्मा पुसून ते पुन्हा पुन्हा पाहिले. म्हणाली, “फोटो छान झालाय रे. पण आईच्या गालांवरचे देवीचे वण कुठं गेले? दिवा मालवला की त्यांवरून बोटं फिरवीत मी झोपायची.”

यंत्राच्या मनात कपट नव्हते. त्याला मनच नाही! चेहरे उजळणाऱ्या या यंत्रणा असंख्य चेहरे पाहून शिकतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेले ७०,००० चेहरे आहेत. या देशातून तर देवी १९७५ सालीच हटली. मग वणांची ओळख यंत्राला कोण करून देणार? कागदावरचा डाग आणि गालावरचा वण त्याला सारखेच.

कुणी म्हणेल, पूर्वीचे छायाचित्रकारही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुशीतच होते. खरे आहे. कॅमेऱ्याने टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र म्हणजे फ्रान्समध्ये निएप्सने १८२६-२७च्या सुमारास घेतलेले खिडकीबाहेरचे दृश्य. १९५२ साली इतिहासकार हेल्मुट गर्नशाइमने त्याचा पुन्हा शोध लावला, त्याच्या प्रतीवर जलरंगांचा हात फिरविला, आणि पुढे कित्येक वर्षे जगाने पाहिले ते बहुधा हे रंगविलेले रूपच! परंतु मूळ पत्रा जपून ठेवला होता. म्हणूनच आज दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

इटलीतील चेझारे ब्रांदी याने कलाकृतींच्या दुरुस्तीविषयी १९६३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. भरलेली जागा दुरून खुपू नये, पण जवळून पाहणाऱ्याला ती ओळखू यावी, असा दंडक त्याने घालून दिला. मला यात मोठी नीती दिसते. जिवंत माणसाचे वर्णन आपण चुकीचे केले, तर तो आपल्याला अडवू शकतो. गेलेल्याला “मी असा नव्हतो” असे सांगता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारी चार म्हातारी माणसे तेवढी असतात. तीही एकेक करून जातात. त्यानंतर भिंतीवरची तसबीर सांगेल तेच खरे ठरते.

म्हणून दुरुस्ती जरूर करावी. पण यंत्रापुढे बसण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापुढे बसावे. चीर सांधावी, बुरशी पुसावी, वण राहू द्यावेत. मूळ चित्र टाकू नये, आणि नव्याच्या पाठीवर काय बदलले ते लिहून ठेवावे. वाळवीने अर्धा चेहरा नेला असेल आणि तो कसा होता हे सांगणारे कुणी उरले नसेल, तर ती जागा तशीच रिकामी असू द्यावी. आपल्या माणसाच्या जागी दुसरेच कुणी बसविण्यापेक्षा ती बरी.