पट्ट्याचे दुसरे टोक

पाळलेला कुत्रा रस्त्यावर, पदपथावर किंवा मैदानात विष्ठा करतो, तेव्हा ती कृती कोणाची मानायची? शरीरधर्म कुत्र्याचा असतो, रस्ता सर्वांचा असतो आणि पट्टा मालकाच्या हातात असतो. यांतला कर्ता कोण हे एकदा ठरले, की घाण कोणी उचलायची हा वाद उरत नाही. भारतीय धर्मविचाराने या प्रश्नाचा पाया फार पूर्वी घातला आहे. इतर परंपरांतही त्याचे धागे सापडतात. त्या सर्वांच्या मते दोष जनावराचा नसतो. तो माणसाकडे येतो, आणि माणसाला तो पुढे ढकलता येत नाही.

कर्मविचारात मनुष्यजन्माला कर्मयोनी म्हणतात आणि पशुपक्ष्यांच्या जन्माला भोगयोनी. विधिनिषेध कळतात त्यालाच पाप लागते. भूक, झोप आणि मलविसर्जन यांपलीकडे निवड करण्याची शक्ती कुत्र्याजवळ नाही, म्हणून त्याच्या वर्तनाला पाप म्हणता येत नाही. महाभारताच्या आदिपर्वात याच विचाराची एक कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थळी आलेल्या एका कुत्र्याला राजाच्या भावांनी मारहाण केली. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. त्याची आई सरमा यज्ञमंडपात आली, तिने राजाला जाब विचारला आणि उत्तर मिळाले नाही तेव्हा शाप दिला. अपराध न करणाऱ्या प्राण्याला विटाळाच्या भीतीने मारणे हा अधर्म आहे, असे महाभारत आरंभीच सांगून टाकते. सोसायटीच्या आवारात घाण दिसली की कुत्र्याला दगड मारणाऱ्यांनी ही कथा विसरू नये.

कुत्रा निर्दोष ठरला म्हणून प्रश्न मात्र संपत नाही, कारण पाळीव जनावर स्वतःच्या मर्जीने रस्त्यावर येत नाही. त्याला कधी बाहेर काढायचे, कोणत्या वाटेने न्यायचे आणि कुठे थांबू द्यायचे हे माणूस ठरवतो. धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांपैकी स्वामिपालविवाद हे पद नेमके याविषयी आहे. जनावराचा धनी आणि त्याला राखणारा यांच्यात जबाबदारी कशी वाटायची, हा त्याचा विषय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार दिवसा गुरांची जबाबदारी राखणाऱ्यावर असते आणि रात्री ती धन्याच्या घरी असतील तर धन्यावर. याज्ञवल्क्यस्मृती आणखी पुढे जाते. दाढा किंवा शिंगे असलेले जनावर कोणावर धावून गेले आणि सोडवण्याचे सामर्थ्य असूनही धन्याने सोडवले नाही, तर त्याला दंड आहे. संकटात सापडलेला ओरडून मदत मागत असेल, तर दंड दुप्पट. येथे धन्याने स्वतः काहीच केलेले नसते. करता येत असून केले नाही, एवढाच त्याचा अपराध, आणि शास्त्राला तो पुरेसा वाटतो. विष्ठेजवळून साखळी ओढत पुढे निघून जाणारा मालक याच नियमाखाली येतो.

शहरांत कुत्रा फिरवायला पगारी मुलगा ठेवण्याची पद्धत वाढली आहे, त्यामुळे स्वामी आणि पाल यांचा हा जुना वाद पुन्हा जिवंत झाला आहे. घाण कोणी उचलायची, मुलाने की मालकाने? उचलण्याचे काम मुलाचे असू शकते. पण त्याच्या हाती साखळी देताना कागद, पिशवी आणि स्पष्ट सूचना दिली नसेल, तर दोष मालकाचाच. राखणदाराला साधन न देता त्याच्यावर दोष टाकणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

कुत्र्यावरचे प्रेम पुरेसे आहे, असे पुष्कळ मालकांना वाटते. त्या प्रेमाची सर्वांत मोठी कथा महाप्रस्थानिक पर्वात येते. हिमालयाच्या वाटेवर भाऊ आणि द्रौपदी गळून पडल्यावर युधिष्ठिराबरोबर फक्त एक कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला मागे ठेवायला सांगतो, कारण कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. इंद्राचा आक्षेप अपवित्रतेचा आहे. कुत्रा पवित्र आहे असे युधिष्ठिर सिद्ध करू पाहत नाही. आश्रयाला आलेल्याचा त्याग करणे पाप आहे, एवढेच तो म्हणतो आणि त्यासाठी स्वर्ग नाकारतो. पुढे तो कुत्रा साक्षात धर्म असल्याचे उघड होते. आश्रित एकदा आपला म्हटला की त्याच्यामुळे येणारी अडचणही आपली होते, हे या कथेचे मर्म. शेपटी हलवणारा कुत्रा आपला आणि त्याची विष्ठा नगरपालिकेची, अशी वाटणी युधिष्ठिराच्या धर्मात बसत नाही.

महाराष्ट्राच्या भक्तिजीवनात तर कुत्र्याला मानाचे स्थान आहे. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि ते चार वेद मानले जातात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. त्यामुळे येथे कुत्रा पाळणाऱ्याला विरोध करण्याचे धार्मिक कारण कोणालाही शोधता येणार नाही. प्रश्न आहे तो शौचाचा.

पतंजलीच्या योगसूत्रांत शौच हा पहिला नियम आहे, पण त्याच्याही आधी यम येतात आणि यमांत पहिली अहिंसा. हा क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्याला इजा करून साधलेली स्वच्छता शौच ठरत नाही. आपल्या घरातली फरशी चकचकीत राहावी म्हणून कुत्र्याला शेजारच्या गल्लीत नेणारा मालक स्वच्छता पाळत नाही, तो फक्त घाणीची जागा बदलतो. हा विचार सर्वांत बारकाईने जैन परंपरेने केला. जैन साधूने पाळायच्या पाच समितींपैकी पाचवी उत्सर्ग समिती मलमूत्र टाकण्याविषयी आहे. जागा जीवजंतूंपासून मोकळी आहे का, तिथे टाकल्याने कोणाला त्रास होईल का, हे आधी पाहायचे आणि मगच विसर्जन करायचे. चालणे, बोलणे आणि भिक्षा घेणे यांच्या पंक्तीला मलविसर्जन बसवणारा हा धर्म त्याला अहिंसेचाच भाग मानतो. बौद्ध भिक्षूंच्या नियमांतही आजारी नसताना हिरवळीवर किंवा पाण्यात मलमूत्र टाकायला मनाई आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात सैनिकांना छावणीबाहेर जाताना खणण्याचे हत्यार बरोबर नेऊन विष्ठा मातीने झाकायला सांगितले आहे, आणि कारण दिले आहे की छावणीतून देव फिरत असतो. इस्लाममध्ये रस्त्यात आणि लोकांच्या सावलीच्या जागी शौच करणे निंद्य आहे आणि वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हे पुण्यकर्म आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याने पापक्षमा मिळाल्याची कथाही याच परंपरेत आहे. प्राण्यावर दया आणि वाटेची काळजी या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या आड येत नाहीत.

कुत्र्याच्या विष्ठेला हिंसा म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, पण तिच्यातून होणारी इजा खरी आहे. कुत्र्याच्या आतड्यातील टॉक्सोकारा कॅनिस या गोलकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच रोग देत नाहीत. मातीत काही आठवडे गेल्यावर ती संसर्गक्षम होतात आणि अनुकूल मातीत दीर्घकाळ टिकतात. माती हाताळून तोच हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, की अळ्या यकृत, फुप्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात, आणि डोळ्यात गेल्यास दृष्टीला इजा होऊ शकते. अंकुशकृमीच्या अळ्या तर उघड्या पायाच्या त्वचेतून शिरतात. कृती आणि परिणाम यांत आठवड्यांचे अंतर पडत असल्याने मालकाला आपल्या हातून काही घडल्याची जाणीवच होत नाही. पण कर्मफळ उशिरा येते म्हणून कर्म नाहीसे होत नाही, हे कर्मसिद्धांताचे पहिलेच सूत्र आहे. ही इजा पोहोचते कोणापर्यंत, तेही पाहावे. वाळूत खेळणारी मुले, नवरात्रात अनवाणी चालणाऱ्या बाया, काठीने वाट चाचपणारे अंध, पदपथावर बसून भाजी विकणाऱ्या बायका आणि पहाटे झाडू घेऊन निघणारे सफाई कामगार: जमिनीच्या सर्वांत जवळ जगणाऱ्यांना तिचा फटका बसतो. चारचाकीने घरी परतणाऱ्याला ती दिसतही नाही.

बचावाचे युक्तिवाद ठरलेले आहेत. शेण चालते तर हे का नाही, हा पहिला. गाय-म्हैस गवत खाते, तिचे शेण कुजून खत होते आणि घर सारवायलाही वापरले जाते. कुत्र्याच्या विष्ठेत माणसाला बाधणारे जंत असतात आणि तिचे खत भाजीच्या वाफ्यात घालता येत नाही. रस्त्यावरची भटकी कुत्रीही घाण करतात, मग पाळणाऱ्यांनाच का बोलायचे, हा दुसरा. भटक्या कुत्र्याचा पट्टा कोणाच्याच हातात नसतो, म्हणून त्याची व्यवस्था लावणे साऱ्या नगराचे काम ठरते. हातात पट्टा असलेल्याला ही सबब नाही.

तिसऱ्या युक्तिवादाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याच्यात आपल्या समाजाचे जुने दुखणे लपले आहे. आपण कर भरतो, झाडणारे येतात, ते उचलतील, असे म्हटले जाते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, आपत्ती नसताना राजमार्गावर घाण टाकणाऱ्याला दोन कार्षापण दंड आहे आणि ती घाण त्यानेच तत्काळ साफ करावी असा आदेश आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही रस्त्यावर कचरा टाकण्याबद्दल आणि तीर्थ, पाणवठा किंवा देवालयाजवळ विष्ठा करण्याबद्दल दंड ठरवलेले आहेत. हे नियम शहाणपणाचे आहेत. पण त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने काही जातींना गावाबाहेर घालवले आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असल्याचे लिहिले. घाण करणारा एक आणि उचलणारा जन्माने ठरलेला दुसरा, ही विभागणी त्या विचारातून समाजात मुरली. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच व्यवस्थेच्या निषेधार्थ. आज गावकुसाबाहेर कुत्री हे धन मानले गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे अनेक शहरांत रस्ते झाडतात, आणि हजारो रुपये मोजून विलायती जातीचे कुत्रे घेणारा त्यांच्यासाठी विष्ठा ठेवून जातो. वाकायला लाज वाटते, हे त्याचे खरे कारण आहे. कर भरल्याने ती लाज धर्म ठरत नाही.

या लाजेला महाराष्ट्रात सर्वांत थेट उत्तर गाडगेबाबांनी दिले. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले बाबा गावात शिरताच हातात खराटा घेत, दिवसा रस्ते आणि गटारे साफ करत आणि रात्री कीर्तन करत. गाव दुसऱ्याने घाण केलेले असे, तरी ते वाकत. स्वतःच्या कुत्र्याची घाण उचलणे हे त्या मानाने अगदी लहान काम आहे.

कायद्याने या कर्तव्याला हळूहळू रूप दिले. न्यूयॉर्कमध्ये 1978 पासून कुत्र्याची विष्ठा उचलणे मालकावर बंधनकारक झाले. त्यानंतर पुष्कळ शहरांनी तोच मार्ग धरला. ब्रिटनने 1996 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि अंध व्यक्तींना त्यातून वगळले. मुंबई महापालिकेच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींतही पाळीव प्राण्याची घाण मालकाने उचलण्याची तरतूद आली. तरीही पहाटे पाच वाजता दंड करणारा कोणी रस्त्यावर नसतो. अदृश्य करणारी अंगठी हाती आली तर माणूस न्यायाने वागेल का, असा प्रश्न प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या कथेतून मांडला. रिकाम्या गल्लीत इकडेतिकडे पाहून पुढे सटकणारा मालक त्या प्रश्नाला रोज नकारार्थी उत्तर देतो. म्हणून केवळ दंड वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही. घाण उचलणे हे कुत्रा पाळण्याचेच अंग आहे, त्याला खाऊ घालण्याइतके, ही समजूत घराघरांत रुजावी लागेल.

वार्धक्य, आजारपण किंवा गर्भारपण यांमुळे वाकता येत नसेल तर काय करावे, हा प्रश्न रास्त आहे आणि स्मृतिकारांनी त्याचाही विचार केला होता. राजमार्गाच्या त्याच नियमात संकटात सापडलेला, वृद्ध, गर्भिणी आणि बालक यांना दंड माफ आहे. त्यांना फक्त समज द्यायची. जागा साफ करण्यातून मात्र त्यांनाही सूट दिलेली नाही. आजच्या मालकाला यासाठी लांब दांड्याचे फावडे किंवा घरातल्या धडधाकट माणसाची मदत घेता येते. तीही शक्य नसेल, तर त्याने कुत्रा पाळू नये.