परतणारी लाट

थंडीच्या दिवसांत भिलाईत पहाटेच्या पाळीला निघालेल्या गाड्यांचे आवाज अंथरुणापर्यंत येतात. त्यांत एखादी जुनी आरएक्स 100 असली, की कान आपोआप तिच्यामागे जातात. 98 सीसीची, 11 अश्वशक्तीची ही टू-स्ट्रोक गाडी 1985 मध्ये आली, 1996 मध्ये बंद झाली. पण तिच्यावरची माया काही आटली नाही.

माझ्या भाच्याने अशी एक गाडी जपली आहे. मध्यंतरी त्याने सायलेन्सरच्या टोकाची आतली नळी काढून टाकली. धूर मोकळा सुटला की गाडी पळेल, असा त्याचा हिशोब. गाडी गरजू लागली, पण पुलाच्या चढावर दम टाकू लागली. पॉवर हाउस भागातल्या मिस्त्रींनी प्लग काढून त्याच्या तळहातावर ठेवला. चॉकलेटी असायला हवा, तो पांढरा पडला होता. "आवाज बढ़ गई, खिंचाव चला गया," एवढंच ते म्हणाले. मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापत होतं. सायलेन्सर बदलायचा तर कार्ब्युरेटरचा जेटही त्याच्या जोडीने बदलावा लागतो. मिस्त्रींनी नळी परत बसवली आणि गाडी पुन्हा ओढू लागली.

टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर पडत असतानाच ताजं मिश्रण आत येतं. त्यातलं थोडं धुराबरोबर निसटतं. वायूच्या धक्क्याची लाट सायलेन्सरमध्ये पुढे जाते. सायलेन्सरचा रुंदावत जाणारा भाग तिच्यातून ओढ निर्माण करून धूर खेचून घेतो, आणि पुढचा निमुळता भाग तिला मागे परतवतो. ती परतलेली लाट निसटलेलं मिश्रण धुराचं दार मिटण्याआधी इंजिनात परत लोटते. मिनिटाला 6,000 फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा फक्त शंभरावा भाग; एवढ्यात हे सगळं घडतं. पूर्व जर्मनीत एमझेडच्या शर्यतीच्या गाड्या घडवणाऱ्या वाल्टर काडेन यांनी हे तंत्र इतकं साधलं, की 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनातून 25 अश्वशक्ती निघत होती.

आमच्या पोलाद कारखान्यातही असंच आहे. 1959 मध्ये इथली पहिली झोतभट्टी पेटली. भट्टीतून बाहेर पडणारा वायू तसाच सोडून देत नाहीत. तो साफ करून जाळतात आणि त्याच्याच उष्णतेने भट्टीत जाणारी हवा तापवतात.

रागाच्या भरात "एकदा सगळं बोलून मोकळं होऊ" असं वाटतं, तेव्हा मला तो पांढरा प्लग आठवतो. मनातला धूर बाहेर जायलाच हवा. कोंडला तर इंजिन गुदमरेल. पण धुराबरोबर थोडी माया, थोडा विश्वासही निसटत असतो. शेवटचं वाक्य ओठांवर आलेलं असताना क्षणभर थांबलं, की निसटू पाहणारं ते मागे वळतं. तो क्षण अडथळा वाटतो, म्हणून आपण तो काढून टाकतो. मग घर दणाणतं, पण संसाराचा चढ ओढवत नाही.

आज कुणाशी तरी कडू बोलायचं असेल, तर जरूर बोलावं. फक्त आतलं ताजं परत यायला तेवढी सवड ठेवावी.