स्थळबिंदूंची यादी आणि शिक्षकांचा तक्ता

१९६२ साली कोल्हापूरच्या उजाड सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा त्याच्याकडे ३४ महाविद्यालये होती आणि जमीन साडेआठशे एकर. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. एवढा माळ घेऊन करायचे काय, असे तेव्हा कुणाला वाटले असेल तर नवल नाही. पुढे तिथे झाडे लागली, तळी झाली. २०१९च्या महापुरात शहराची उपसा केंद्रे बुडून नळ कोरडे पडले, तेव्हा याच आवारातले पाणी शहरातल्या अनेक घरांत गेले. जमिनीचे आणि पाण्याचे नियोजन इतक्या लांबवर पाहून केलेले आहे. महाविद्यालयांच्या नियोजनाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

२००४ मध्ये सोलापूर जिल्हा या विद्यापीठातून वेगळा झाला, तरी आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा मिळून संलग्न महाविद्यालयांची संख्या अडीचशेच्या वर आहे. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार दर पाच वर्षांचा बृहत् आराखडा सक्तीचा आहे. हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात आराखडा म्हटला की चर्चा स्थळबिंदूंची होते: कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावाला कोणती विद्याशाखा द्यायची. बिंदू यादीत आला की संस्थाचालकाचा प्रस्ताव, मग इरादापत्र, मग अंतिम मान्यता. आपल्याकडे संस्थाचालक आणि आमदार ही अनेकदा एकच व्यक्ती असते, त्यामुळे बिंदू कसा हलतो हे सांगायला नको. शिवाय संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क हे विद्यापीठाच्या उत्पन्नाचे मोठे साधन. नवे महाविद्यालय नाकारणे म्हणजे स्वतःच्याच तिजोरीला नाही म्हणणे. एवढा निग्रह कोणत्या व्यवस्थापन परिषदेने दाखवावा?

या यादीत न दिसणारा माणूस म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. सेट-नेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, कधी पीएच.डी.ही झालेला. सकाळच्या सत्रात एका गावात दोन तास घ्यायचे, मोटारसायकलला किक मारायची आणि दुपारी तीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात उभे राहायचे. मानधन तासांवर, तेही महिनोन् महिने रखडलेले. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. नॅकची मूल्यांकन समिती यायची झाली की कागदपत्रांच्या फायली मात्र हाच रात्र रात्र बसून लावतो. विनाअनुदानित वर्ग याच माणसावर चालतात, पण वाढीचा आराखडा त्याला धरून आखला जात नाही.

दुसरी गोष्ट साध्या मोजणीची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर २००५-०६ मध्ये २.१ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. २०३५ साली प्रथम वर्षाला येणारी मुले २०१७च्या आसपास जन्मलेली आहेत. ती कुठल्या शाळेत, किती संख्येने आहेत हे आजच मोजता येते. मुले कमी झाली तरी त्यांतली जास्त जण शिकायला येतील हे खरे, विशेषतः डोंगरी तालुक्यांतल्या मुली. चंदगड, शाहूवाडीत अजून जागा हवी असेल. पण शहरालगत आणखी एक वाणिज्य महाविद्यालय काढून शेजारच्या दोघांचे वर्ग रिकामे करणे, याला वाढ कोण म्हणेल?

दुसरी वाटही याच भागात आहे. २०२१ मध्ये साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची तीन जुनी महाविद्यालये एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील समूह विद्यापीठ झाले. तो प्रयोग फळेल की नाही हे ठरायला वेळ लागेल. पण नवी पाटी लावण्याऐवजी असलेली महाविद्यालये जोडण्याची दिशा मला योग्य वाटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची म्हटले आहे. ज्या पद्धतीचा शेवट ठरला, तिच्यातच भर घालत राहणारा आराखडा पुढे कोणाच्या उपयोगाचा?

पुढचा आराखडा विद्यापीठाच्या अधिसभेपुढे येईल तेव्हा सदस्यांनी आधी महाविद्यालयनिहाय तक्ता मागावा: मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकांवर किती. तो हाती येईपर्यंत स्थळबिंदूंच्या यादीला हात वर करू नये.