टाकी रिकामी झाल्यावर

भंडारा जिल्ह्यातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र जवळ नाही. त्यामुळे वैनगंगेच्या काठावर वाढलेला माणूस केमिकल टँकरवर नोकरी करतो म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "अन् ॲसिड सांडलं तं?" प्रश्न रास्त आहे. ते सांडू नये म्हणूनच ते जहाज तसं बांधलेलं असतं. पण इतकी वर्षं त्या डेकवर काढल्यावर मला विचाराल, तर भरलेल्या टाक्यांच्या वर मी निर्धास्त झोपलो आहे. जिवाला घोर लागायचा तो टाकी रिकामी झाल्यावर.

कच्चं तेल नेणारं अजस्र जहाज एका फेरीत बहुधा एक-दोन प्रकारचाच माल वाहतं. केमिकल टँकरवर वीस-तीस टाक्या असतात आणि एकीत मिथेनॉल, दुसरीत कॉस्टिक सोडा, तिसरीत पाम तेल, चौथीत गंधकाम्ल असा प्रकार असू शकतो. म्हणून प्रत्येक टाकीचा पंप वेगळा, तोही टाकीच्या तळाशी बुडवलेला. पाइपलाइन वेगळी, वाफ बाहेर सोडणारी नळीही वेगळी. ज्या दोन मालांचं आपसात जमत नाही, त्यांच्यामध्ये मोकळा कप्पा तरी हवा किंवा दोघांनाही चालेल असा तिसरा माल तरी. नुसती उष्णताही शेजारी पोचून चालत नाही. २८ सप्टेंबर २०१९ रोजी दक्षिण कोरियातल्या उल्सान बंदरात 'स्टोल्ट ग्रोनलँड' जहाजावर स्टायरीनच्या टाकीचा स्फोट झाला. शेजारच्या टाक्यांमधला माल गरम ठेवलेला होता. ती ऊब स्टायरीनपर्यंत गेली आणि ते आपोआप घट्ट होत, तापत गेलं.

१ जुलै १९८६ पासून बांधलेल्या जहाजांना 'आयबीसी कोड' हा आंतरराष्ट्रीय नियमसंच लागू आहे. त्यात मालाच्या घातकपणानुसार जहाजांचे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात एका टाकीत १२५० घनमीटरपेक्षा जास्त माल नाही, आणि ती टाकी जहाजाच्या कडेपासून रुंदीच्या एक-पंचमांश किंवा साडेअकरा मीटर, जे कमी असेल तेवढी आत. टक्कर होऊन बाहेरचा पत्रा फाटला तरी माल आत राहावा, हा हिशेब.

टाकीच्या अस्तराची गोष्ट मात्र आमच्या भंडाऱ्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पितळी भांड्यांचं गाव. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं, हे घरोघरी माहीत. जहाजावरचा हिशेब तोच. साध्या पोलादाला झिंक सिलिकेटचा लेप असेल तर मिथेनॉल खुशाल भरा, आम्ल किंवा अल्कली भरलीत तर लेप गेला. इपॉक्सीचा लेप कॉस्टिक आणि खाद्यतेल सोसतो, पण काही द्रावणं मुरवून घेतो आणि पुढच्या मालात हळूहळू सोडत राहतो. आम्लांना स्टेनलेस स्टीलच हवं. त्यालाही समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड सोसत नाही. खाऱ्या पाण्याने धुतल्यावर लगोलग गोड्या पाण्याने धुतलं नाही तर पत्र्यावर बारीक खड्डे पडतात. टाकीच्या आत माल अडकायला जागाच नको, म्हणून डेकला पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या टाकीच्या बाहेर, डेकच्या वरच्या अंगाला बसवतात. अशा डेकवरून रात्री चालणं म्हणजे पाय मोडून घेणं, पण टाकीच्या छताला आतून गुळगुळीतपणा येतो तो त्यामुळेच.

या जहाजांचा आमच्या धानाच्या बांधीशी संबंध फार जवळचा आहे. रोवणीच्या वेळी शेतकरी जे डीएपी खत घेतो, ते फॉस्फोरिक आम्ल आणि अमोनियापासून बनतं. ते आम्ल आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतं, मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल अशा देशांतून, स्टेनलेसच्या टाक्यांमधून, पारादीप-काकीनाडासारख्या बंदरांत. घरात जवसाच्या तेलाची जागा घेतलेलं पाम आणि सोयाबीनचं तेलही याच प्रकारच्या जहाजांनी येतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातला निम्म्याहून अधिक भाग आयात होतो. म्हणजे काल ज्या टाकीत एखादं द्रावण होतं, तीत उद्या माणसाच्या पोटात जाणारं तेल भरायचं असू शकतं. टाकीत आधीचे तीन माल कोणते होते, हे म्हणूनच लेखी द्यावं लागतं.

फॉस्फोरिक आम्ल हा चिवट माल. पाण्याच्या दीडपटीहून जड, आणि त्यातला गाळ प्रवासात तळाशी बसतो. पंपाने शेवटचा थेंब ओढायचा प्रयत्न करायचा. २००७ पासून बांधलेल्या जहाजांना नियम असा आहे की टाकी आणि तिच्या पाइपात मिळून ७५ लिटरपेक्षा जास्त माल उरेल अशी रचना चालणार नाही. वीस लाख लिटरच्या टाकीत ७५ लिटर! हा नियम मला या साऱ्या व्यवसायातली सर्वांत मोठी कामगिरी वाटतो. धुतलेलं पाणी शेवटी समुद्रातच जातं, त्यात जे उरलेलं असेल त्यासकट. सर्वांत घातक गटातल्या मालाचं पहिलं धुणं बंदरातच उतरवावं लागतं. बाकी बहुतेकांचं किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, किमान २५ मीटर खोलीवर, जहाज चालतं ठेवून सोडता येतं. तरंगत राहणाऱ्या घट्ट तेलांसाठी १ जानेवारी २०२१ पासून उत्तर आणि पश्चिम युरोपच्या समुद्रांत जास्त कडक नियम आला. त्या यादीत अरबी समुद्र नाही. असायला हवा.

धुणं झालं की टाकी तपासणारा सर्व्हेयर उतरतो. हातात पांढरे मोजे, एक धुण्याची बाटली, एक नरसाळं. खांद्याच्या उंचीवरून भिंतीवर शुद्ध मिथेनॉलची धार सोडायची, ओघळ खाली पोचायच्या आत नरसाळ्याने बाटलीत धरायचा. असं चार-सहा जागी. मग वर येऊन काचेच्या नळीत तो ओघळ ओतायचा, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे आणि काळ्या कागदावर नळी धरून बघत राहायचं. मीठ राहिलं असेल तर पाणी दुधाळतं. सगळ्यांच्या नजरा त्या नळीवर खिळलेल्या असतात, कारण दुधाळलं तर पुन्हा धुणं, पुन्हा वाफ, पुन्हा सुकवणं आणि पुन्हा माणसं खाली.

माणूस खाली उतरण्याचीच मला काळजी. रिकाम्या टाकीत मालाची वाफ असू शकते. माल हवेपासून जपण्यासाठी नायट्रोजन भरलेला असेल तर तिथे वासही नसतो, खोकलाही येत नाही. दोन श्वासांत माणूस कोसळतो. बंद टाकीत तर नुसता गंजदेखील ऑक्सिजन खाऊन टाकतो. म्हणून आधी पंख्याने हवा खेळवायची. मग मीटर सोडायचा : ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतो का, पेट घेणारा वायू नाही ना, विषारी वायू नाही ना. परवान्यावर सही झाल्यावरच उतरायचं. तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा, आणि त्याला सक्त ताकीद : आतला कोसळला तरी तू आत जायचं नाहीस, आधी हाक द्यायची. २०१५ पासून दर दोन महिन्यांनी याचा सराव बंधनकारक आहे, कारण जहाजांवर अशा जागी वाचवायला धावलेली माणसंच वारंवार मेली आहेत.

हेच आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरींवर घडतं. मोटर काढायला, गाळ उपसायला एक जण उतरतो, खाली गप्प होतो. भाऊ उतरतो, मग शेजारी. पेपरात 'विहिरीत गॅस' अशी चार ओळींची बातमी येते. मागे सुट्टीत आलो तेव्हा पुतण्या आणि त्याचे मित्र एका जुन्या विहिरीत उतरायच्या तयारीत होते. "कंदील सोडून पाहिला काकाजी, इझला नाही," तो म्हणाला. कंदील सोडण्याची रीत चांगली, जुन्या लोकांनी अनुभवाने शोधलेली. निंबाच्या फांद्या दोरीने खालीवर करून हवा हलवतात, तीही चांगली. पण कंदील जळतो याचा अर्थ ऑक्सिजन अगदीच संपलेला नाही, एवढाच. कुजलेल्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड माणूस मारायला पुरेसा असतानाही कंदील जळत राहील. त्या वायूचं प्रमाण वाढलं की नाकालाही वास येईनासा होतो. आणि डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवला असेल तर त्याचा धूर तिथेच साठतो.

चार वायू मोजणारा हातात मावणारा मीटर, एक ब्लोअर, तिपाई, कप्पी आणि अंगाला बांधायचा पट्टा, एवढं सामान चार-पाच गावांत मिळून एक असलं तरी पुरेल. मे महिन्यात विहिरी उपसायच्या दिवसांत ते फिरतं ठेवता येईल. मीटर ठरावीक काळाने तपासून घ्यावा लागेल, तो खर्चही धरावा लागेल. ग्रामसभेत मी हे मांडलं आहे, पुन्हा मांडीन. शिकवायचं काम माझ्याकडे : मीटर आधी वर, मग मध्ये, मग तळाशी का सोडायचा, जड वायू खाली का बसतो, पट्ट्याची दोरी वरच्या माणसाच्या हातात कशी राहिली पाहिजे, आणि काठावर उभा असलेला भाऊ खाली का उडी मारणार नाही.