वाट न चुकणाऱ्यांचे जंगल

जंगलात जीव वाचवण्याच्या थरारपटाचा नायक बहुधा वाट चुकलेला असतो. भंडारा भागातल्या कोका, नागझिरा, पवनीच्या जंगलकाठी राहणाऱ्यांना वाट ठाऊक असते. म्हणून पटकथेत त्यांचे काम लवकर आटोपते. धोका सांगायचा आणि सगळ्यांत आधी मरायचे.

एप्रिलच्या पहाटे मोहफुले वेचणारी बाई वाकलेली असते. वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटेलच असे नाही. हे तिला कळते. तरी ती जाते, कारण पेरणीआधीचा पैसा मोहाखाली पडलेला असतो आणि मे महिन्यात तेंदूच्या पानांत. जायचे ते सोबतीने. हाकेच्या अंतरात राहायचे, आवाज देत राहायचे. जगण्याची ही विद्या एकटीची नाही, आणि थरारपटाला तर एकटाच माणूस हवा असतो. भंडाऱ्याच्या माणसांना पडद्यावर जागा मिळत नाही, ती केवळ चेहऱ्यामुळे नव्हे. गोष्टीचा साचाच त्यांच्या मापाचा नाही.

नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेल्या जय वाघाचे नाव देशाला ठाऊक झाले. एप्रिल २०१६ नंतर तो दिसेना, तेव्हा त्याच्या शोधाच्या बातम्या झाल्या. व्हायलाच हव्या होत्या. वाघाच्या हल्ल्यात गेलेली बाई मात्र बातमीच्या मथळ्यात फक्त ‘महिला’ असते.

अमित मसुरकरांच्या ‘शेरनी’त (२०२१) वाघिणीच्या पिल्लांपर्यंत पोहोचायला वनाधिकारी बाईंना गावातल्या ज्योतीची मदत लागते. मला त्या चित्रपटात ज्योतीच अधिक आठवते. कथा तिच्या घरापासून सुरू झाली असती तर?

परदेशात हे एकदा घडले. ‘प्रे’ (२०२२) या थरारपटाची नायिका कोमांची या अमेरिकी आदिवासी जमातीची मुलगी आहे, आणि तो सबंध चित्रपट कोमांची भाषेतही ऐकता येतो. शिकारीची खूण ओळखते ती, आणि शेवटपर्यंत जगतेही तीच.

आदिवासी पात्राला पिसे, भाला आणि मौन दिले की प्रतिनिधित्व झाले, असे समजणाऱ्यांनी गोंड म्हातारीशेजारी तासभर बसावे. मौन शोधून सापडणार नाही.

भीतीलाही बोली असते. इथल्या झाडीबोलीत घाबरलेला माणूस पुणेरी मराठीत किंचाळत नाही.

नटांची वाण नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके गावोगाव रात्रभर चालतात, आणि ‘झॉलीवूड’ने (२०२२) ही रंगभूमी पडद्यावर आणलीही. जंगलाचा थरारपट करणाऱ्याने साकोली-लाखांदूरकडे यावे, नट इथले घ्यावेत. संवाद लिहिण्याआधी मोहफुले वेचणाऱ्या बायांना एवढे विचारावे: सोबतीणीने हाकेला ओ दिली नाही, तर तुम्ही आधी काय करता?